उसनं आजोळ

कुणी तोंडावर पाठ केली तर माणसाला राग येतो. मला आजही येत नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी भोरात अशा एका माणसाच्या दुकानात काढली, जिथं पाठ करणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं होतं.

दुकान सायबर कॅफेचं. एसटी स्टँडच्या मागच्या बोळात, तालमीला लागून असलेल्या खोलीत. तालीम कधीचीच बंद पडलेली. वस्तादांच्या मुलानं त्या खोलीला रंग दिला, पुण्यातून जुने कॉम्प्युटर आणून मांडले आणि वर्षभरात सगळा पसारा बापाच्या गळ्यात घालून स्वतः शारजाला निघून गेला. वस्तादांनी जन्मभर पोरांना मातीत लोळवलेलं. गुडघा गेलेला, कान पैलवानाचे असतात तसे चुरगळलेले, आणि पुढ्यात इंग्रजी अक्षरांच्या कळा. दुसरा कुणी असता तर त्यानं शटर ओढलं असतं. वस्ताद म्हणाले, "आखाडाच हाय ह्यो. फकस्त माती न्हाई."

आणि आखाड्यासारखाच चालवला त्यांनी तो कॅफे. चपला बाहेर. आत शिरताना उंबऱ्याला हात लावायचा. कॉम्प्युटरना डावांची नावं. जो चालता चालता अचानक बंद पडून माणसाला तोंडघशी पाडायचा तो धोबीपछाड, आणि जो सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायचा तो कलाजंग. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, "कुठला मोकळा आहे?" वस्ताद म्हणायचे, "धोबीपछाडावर बसा." बिचारं आल्या पावली परत जायचं.

व्हायरस धुरानं जातो, अशी त्यांची पक्की खात्री. दर गुरुवारी सगळ्या कॉम्प्युटरना लोबानचा धूर. एकदा दुरुस्तीला पुण्याहून माणूस आला. त्यानं धोबीपछाडाचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा स्वयंपाकघरात ठेवला होता का?" वस्तादांनी पुढच्या गुरुवारी धूर दुप्पट केला.

पण त्यांचा खरा कायदा पाठीचा. कुणाला पासवर्ड टाकायचा असला की त्यानं हात वर करायचा. मग वस्ताद गल्ल्यावरून आरोळी ठोकायचे, "पाठ!" की दुकानातल्या झाडून सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. झेरॉक्सला आलेल्यांनीसुद्धा. एकदा एक हवालदार कसलासा कागद घेऊन आले होते. "पाठ!" झाली. ते जागचे हलेनात.

"सायेब, तुमी बी," वस्ताद म्हणाले.

"अहो, मी पोलीस आहे."

"म्हून तर आधी तुमी."

हवालदार मुकाट्यानं फिरले. वस्ताद स्वतः तर पाठ करायचेच, वर दोन्ही कानांवर हात ठेवायचे. कळ दाबल्याच्या आवाजावरून अक्षर ओळखणारी माणसं पुण्यात असतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पुण्याच्या माणसांबद्दल वस्ताद काहीही खरं मानायचे.

या कायद्याचा फटका त्यांनाही बसला. दुकानाच्या मुख्य कॉम्प्युटरला त्यांनी एकदा स्वतःच्या हातानं पासवर्ड घातला. कुणालाही कळू नये असा. तो त्यांनाही कळेना. दुकान बंद. शारजाहून मुलगा फोनवर गयावया करतोय, "अब्बा, काय टाकलं होतं, आठवा तरी."

"आठवाय मी बघितलं व्हतं व्हय? डोळं मिटलं व्हतं मी!"

मी वेल्ह्याकडची. आमचं गाव मी लहान असतानाच धरणात गेलं. आम्ही धरणग्रस्तांच्या वसाहतीत राहायला आलो आणि कॉलेजसाठी मला भोरात आत्याकडं ठेवलं. आत्याच्या घरी टीव्हीवर सदा कीर्तन, म्हणून मी वस्तादांकडं पडीक. तिथं एक गेम सापडला. तो आता राहिला नाही, त्यामुळं नाव सांगून उपयोग नाही. त्यात आपण गाव वसवायचं, शेतं करायची, कोठारं भरायची, तटबंदी बांधायची, आणि जगभरचे लोक त्यावर चालून यायचे. सगळ्यांनी आपल्या गावांना राक्षसांची नाहीतर तलवारींची नावं दिलेली. मी माझ्या वस्त्यांना नावं दिली खालची आळी, चिंचेचं टेपाड, भैरोबाचा माळ. बुडालेलं गाव मी धोबीपछाडावर पुन्हा वसवायला घेतलं.

खातं उघडायच्या दिवशी मी तो गुप्त प्रश्न मोठ्यानं वाचला. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवण्यासाठी, तुमच्या आईच्या माहेरचं आडनाव काय?

वस्ताद गल्ल्यावरून उठले. "ह्यात गुपित काय हाय?"

"कुणाला माहीत असणार वस्ताद?"

त्यांनी खिडकीतून हाक मारली. "शंकर! ही पोरगी कुनाची? आजोळ कुठलं हिचं?"

शंकर समोरचा चहावाला. मी त्याच्याशी जन्मात चहाशिवाय दुसरं काही बोलले नव्हते. तो किटली वर धरून चहा ओततच म्हणाला, "हिचं आजोळ राजगडाखाली, पालीच्या अंगाला." मग आडनाव सांगितलं. मग आजोबांचं नाव. मग म्हणाला, "मामा एकच हाय, टेम्पो चालवतो. लई रुसका. हिच्या आयच्या लग्नात फेट्याच्या रंगावरनं रुसला आन भाताच्या खाचरात जाऊन बसला व्हता. वरात थांबली त्याच्यासाठी!"

माझ्या आईच्या लग्नातला रुसवा मलाही माहीत नव्हता.

"बघ," वस्ताद म्हणाले, "आपल्याकडं मानूस पानी मागायच्या आधी आजोळ इचारतो. खरं घालू नको. खोटं घाल."

खोटं काय घालायचं? वेल्हे-भोरातलं कुठलंही आडनाव घेतलं तरी कुणीतरी ते जुळवून दाखवणारच. माझी अडचण बघून वस्ताद जवळ आले, इकडं तिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी एक आडनाव सांगितलं.

"माझ्या आयचं म्हायेर. लांबचं गाव हाय, हितं कुनाला ठावं न्हाई. ह्या डोंगरात कुनाच्या सपनात येनार न्हाई की तुझी आय त्या घरची हाय. वस्ताद समदं डाव शिकवतो, पर एक राखून ठेवतो. ह्यो तुजा राखलेला डाव."

मी हात वर केला. "पाठ!" झाली. मी ते आडनाव घातलं. वळून बघते तर वस्ताद बोटांवर काहीतरी जुळवत उभे.

"तुजी आय माझ्या मामाच्या घरची झाली. म्हंजे माझी मामेबहीन. म्हंजे मी तुजा मामा की गं!"

मला वाटलं गंमत करतायत. छे! वस्तादांनी ते नातं असं काही मनावर घेतलं की काय सांगू. गुपितही पाळायचं आणि नातंही पाळायचं, अशी दुहेरी कसरत सुरू झाली. माझे वडील, अण्णा, आत्याकडं तांदूळ पोचवायला आले आणि मला बघायला दुकानात डोकावले. वस्ताद उठून उभे राहिले. "या दाजी, बसा. शंकर, दाजीस्नी चा आन!"

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "हे मला दाजी का म्हन्त्यात गं?"

"सगळ्यांनाच म्हणतात," मी ठोकून दिलं.

त्या ईदला शिरखुर्म्याचा डबा माझ्याबरोबर वसाहतीत गेला. निरोप होता, "ताईला म्हनावं, भावानं धाडलाय." आई डबा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. "कोन भाऊ गं ह्यो? माझ्या सख्ख्यानं कदी चुरमुऱ्याची पुडी न्हाई धाडली." डबा मात्र तिनं कुणाला दिला नाही.

अण्णांना मी गेममधलं गाव दाखवलं. ते आधी हसले. मग खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "चिंचेचं टेपाड हितं कसं? वढ्याच्या पल्याड पायजे." त्या गेममध्ये वस्ती सरकवता यायची नाही. पाडून पुन्हा बांधावी लागायची. पाडली, बांधली. पुढच्या खेपेला म्हणाले, भैरोबाचं तोंड चुकलं. अण्णा काही ना काही निमित्त काढून भोरला यायला लागले. दुकानातली आमची टोळी, म्हणजे तोच गेम खेळणारे बाळ्या आणि कॉलेजची चार पोरं, त्यांना सरपंच म्हणायची. धरण झाल्यापासून गावाचं नाव काढलं की उठून जाणारा माणूस, धोबीपछाडासमोर बसून कोणाची विहीर कुठं होती ते सांगायचा. मला त्या गेममध्ये जिंकायचं बिंकायचं काही राहिलं नव्हतं. अण्णांसाठी ते गाव टिकावं, एवढंच.

आणि मग तो शुक्रवार आला. वस्ताद नमाजाला गेलेले. अण्णा शेजारी बसलेले. गेममध्ये निरोप येऊन पडला, वर कंपनीचं चिन्ह. मी अण्णांना मराठीत सांगितलं, "तुमच्या गावाची पडताळणी झालेली नाही. आज शेवटची तारीख. खाली नाव आणि पासवर्ड भरा, नाहीतर गाव कायमचं काढून टाकण्यात येईल."

आता आमच्या घरची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडं भुताला कुणी भीत नाही, शेवटच्या तारखेला भितात. धरणाच्या वेळी बदली जमिनीचा अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी अण्णा निघाले आणि वाटेत दरड कोसळली. पोचले तेव्हा दार बंद. काळी जमीन दुसऱ्यांना गेली, आम्हाला मुरूम आला. तेव्हापासून अण्णा वीजबिलसुद्धा आल्या दिवशी भरतात.

"गाव काढून टाकनार? परत?" अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "भर! आधी भर!"

"अण्णा, थांबा, वस्तादांना येऊ द्या. हे पान जरा वेगळंच दिसतंय."

"तारीख कुनासाठी थांबती का? भर म्हन्तो ना!"

मी भरलं. कुणी पाठ म्हटलं नाही.

वस्ताद आले, टोपी खिशात घातली, आमची तोंडं पाहिली. "काय भरलं?" अण्णांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की तारीख गाठली. वस्ताद मटकन स्टुलावर बसले.

"दाजी, आवो कुस्तीत आमी काय करतो? समोरच्याला हलवतो. त्यो घाईनं पाय टाकतो. त्योच पाय आमी उचलतो. तुमाला कुनीतरी हलवलं की वो!"

मी पुन्हा आत शिरायला गेले तर पासवर्ड चालेना. बाळ्याच्या खात्यातून पाहिलं. आमच्या कोठारातलं धान्य गाड्या भरभरून कुठल्यातरी परक्याकडं निघालं होतं. बघता बघता चिंचेचं टेपाड गेलं आणि तिथं इंग्रजीतली एक शिवी आली. मग खालची आळी गेली.

अण्णा पडद्याकडं बघत राहिले. "पयल्या टायमाला पानी तरी दिसलं व्हतं," ते म्हणाले, "आता कोन नेतंय त्येबी दिसंना."

 

वस्ताद माझ्याकडं वळले. "पोरी, राखलेला डाव?"

मी एकदम भानावर आले. गुप्त प्रश्न! बरोबर उत्तर दिलं की नवा पासवर्ड मिळत होता. मी ते पान उघडलं. पासवर्ड नुकताच बदललाय, त्यामुळं प्रश्न तासाभरानं विचारला जाईल, असं तिथं लिहिलेलं. गाव कायमचं आपलं करायचं तर चोरालाही आधी तेच उत्तर द्यावं लागणार होतं. आम्ही दोघंही एकाच दारात उभे, फक्त आत शिरलेल्या चोराला तासाची अट नव्हती.

तेवढ्यात बाळ्या ओरडला, "कंपनीच्या सायबाचा मेसेज आलाय मला! म्हन्तोय, तुमच्या मैत्रिणीचं गाव वाचवायचंय, तिच्या आईच्या माहेरचं आडनाव कळवा." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यानं कळवलंसुद्धा! मेला इतका दयाळू, की आडनावाबरोबर गावाचं नावही धाडलं.

मी त्याच्या अंगावर धावणार, तर वस्तादांनी मनगट धरलं. मिशीखाली काहीतरी हलत होतं. "आडवू नको. बाळू, सांग त्याला. समदं खरं खरं सांग."

साहेबानं पुन्हा विचारलं, नक्की ना? टोळीतल्या प्रत्येकाला तोच मेसेज आला, आणि प्रत्येकानं मान खाली घालून इमानदारीत तेच लिहिलं. खिडकीतून शंकर म्हणाला, "आजोबाचं नाव बी घाला, तिकडं त्याच आडनावाची दोन घरं हायत!" तेही घातलं. मामाचा टेम्पो घातला. एक पोरगं तर फेट्याची हकिकत इंग्रजीत कशी लिहायची म्हणून अडून बसलं.

अण्णांना राहवेना. "वस्ताद, तुमीच म्हन्ता कुनाला काय सांगू ने, आन आज सगळा उरूस मांडलाय?"

"आज मांडू द्या दाजी," वस्ताद म्हणाले, आणि लोबान पेटवला. गुरुवार नव्हता तरी.

तास भरला. कलाजंगावर बसण्याइतका धीर कुणालाच नव्हता, आणि धोबीपछाड कधी दगा देईल याचा नेम नाही. मी जीव मुठीत धरून पान उघडलं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, या खात्यासाठी वारंवार चुकीची उत्तरं आली आहेत. आता एकच संधी शिल्लक आहे.

आख्ख्या खोऱ्यानं मिळून चोराला खरं उत्तर दिलं होतं, आणि खऱ्यानंच तो पडला होता. पण आता माझ्याकडंही एकच डाव.  मी हात वर केला.

"पाठ!"

अशी आरोळी मी त्या दुकानात कधी ऐकली नव्हती. टोळी फिरली. अण्णा फिरले. शंकर चहाचे ग्लास हातात घेऊन आत येत होता, तो उंबऱ्यातच गर्रकन फिरला आणि चहा बोळात सांडला. वस्ताद कानांवर हात ठेवून भिंतीला नाक लावून उभे. मी ते उसनं आडनाव भरलं.

दार उघडलं!

मी किंचाळले असणार, कारण आत्याची शेजारीण स्टँडवर होती आणि तिनं ऐकलं. बाळ्यानं त्या कंपनीच्या साहेबाला, म्हणजे चोरालाच, ठेवणीतल्या सगळ्या शिव्या पाठवल्या. अण्णा माझ्या मागं उभे राहिले आणि एकेक नाव सांगत गेले, आणि मी एकेक नाव परत घातलं. खालची आळी. चिंचेचं टेपाड, ओढ्याच्या पल्याड. धान्य गेलं ते गेलं, पण गाव आलं.

निघताना अण्णा म्हणाले, "पर तू काय घातलंस गं? तुज्या आयचं म्हायेर तर ह्या पोरांनी जगाला सांगितलं."

मी वस्तादांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते.

"ते सांगायचं नसतं, अण्णा," मी म्हटलं.

पुढं कॉलेज संपलं, आणि माझं लग्न ठरलं तोवर तो गेमही बंद झाला. गाव दुसऱ्यांदा गेलं, पण या खेपेला सगळ्या जगाचंच गेलं म्हणून अण्णांनी मनाला लावून घेतलं नाही. मी पत्रिका घेऊन वस्तादांकडं गेले. म्हटलं, "वस्ताद, आता काय गुपित राहिलं? अक्षता पडताना नवरीच्या मागं मामा उभा राहतो. माझे एक मामा आहेतच. दुसरे तुम्ही उभे राहा."

वस्ताद असे चिडले! "येडी का काय तू? गेम बंद झाला, डाव बंद झाला का? लोकं इचारतील, ह्यो मामा कुठला? आन एकदा आजोळ कळलं की झालं! मी मागल्या रांगेत बसंन. माझ्या गिऱ्हाईकाचं लगीन हाय म्हनंन."

मी रागावून परत आले. खरं सांगते, रडलेसुद्धा.

लग्न वसाहतीत, शाळेच्या पटांगणात. वस्ताद आले, कडक इस्त्रीचा सदरा, मागच्या रांगेत बसले. भोरची सगळी फौज आलेली, टोळी, शंकर, आणि आता जमादार झालेले ते हवालदारसुद्धा. आंतरपाट धरला. गुरुजींनी विचारलं, "मामा कुठं आहेत?" माइकवरून पुकारा झाला, "नवरीचे मामा, नवरीचे मामा, जिथं असतील तिथून ताबडतोब मांडवात यावे!"

मामा कुठले यायला! त्यांना गुलाबी फेटा दिला होता आणि नवऱ्याच्या मामाला भगवा. ते पटांगणापलीकडच्या खाचरात जाऊन बसले होते. आई पदरात तोंड लपवून उभी. अण्णा हात जोडत खाचराकडं पळाले. गुरुजी घड्याळ बघायला लागले. पुन्हा पुकारा झाला, "नवरीचे मामा!"

आणि मागच्या रांगेत वस्ताद उभे राहिले.

त्यांना उठायचं नव्हतं, हे मला इतक्या लांबूनही दिसलं. पण भाचीच्या मागची जागा रिकामी आणि माइकवर मामाचा पुकारा, माणूस बसेल तरी कसा? लोक वळून बघायला लागले. कुणीतरी विचारलंच, "तुमी कोन नवरीचे?" वस्तादांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग छाती भरून घेतली.

"पाठ!"

अर्धा मांडव फिरला. टोळी फिरली, शंकर फिरला, जमादार फिरले. भोरची माणसं फिरली म्हणून वसाहतीचीही फिरली, मग नवऱ्याकडचं वऱ्हाडही, काही विधी असेल म्हणून. खाचराच्या बांधावर अण्णा जागच्या जागी वळले. आंतरपाट धरणारा एकजण वळला आणि आंतरपाट तिरका झाला. गुरुजींनी घाईनं मंगलाष्टकं सुरू केली, आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत, पाठमोऱ्या माणसांमधून वाट काढत वस्ताद आले आणि माझ्या मागं उभे राहिले. कुणीही पाहिलं नाही. माझ्या खांद्यावर तो जड हात पडला आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. पाठमोरी माणसं खांद्यावरून मागं अक्षता फेकत होती.

ते आडनाव मी तुम्हालाही सांगणार नाही. आता माझ्या बँकेचं उत्तरही तेच आहे.

आंतरपाट दूर झाला. नवरा वाईकडचा, त्याला आमच्या रीती कुठून माहीत? सगळ्या मांडवात तेवढा एकटाच आमच्याकडं तोंड करून उभा होता. हार घालायला वाकला आणि हळूच म्हणाला, "तुझ्यामागं हे कोण आहेत?"

"ते सांगायचं नसतं," मी म्हटलं.